तांडेल येथे राहत नाहीत

विष्णू देसाई हा मूळचा विष्णू तांडेल. डहाणू गावात समुद्राला लागून मच्छीमारांची मांगेलआळी आहे, तिथल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. स्टेशनजवळच्या सात्त्विक कुंज सोसायटीत मात्र ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मांगेलआळीत विष्णू सहसा फिरकत नसे आणि सात्त्विक कुंजमध्ये भाड्यानं राहत असे, म्हणून बारा वर्षं सगळं सुरळीत चाललं होतं.

आडनाव बदलायची हौस त्याला नव्हती. तो तलासरीच्या प्राथमिक शाळेत मास्तर. मुलाची, दर्शनची, शाळा डहाणूत, तलासरीची एसटी स्टेशनजवळून सुटणारी, आणि आळीतल्या घरी नळाला येणारं पाणी समुद्राशी नातं सांगणारं. म्हणून स्टेशनजवळ खोली बघायला निघाला. एजंट भेटायचे, सर सर करायचे, चहा पाजायचे आणि आडनाव ऐकलं की खोली कालच गेल्याचं त्यांना आठवायचं. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी विष्णूनं राजपत्राचा फॉर्म भरला.

नवं आडनाव त्यानं फार विचारानं निवडलं. देसाई म्हटलं की मराठी माणसाला वाटतं आपला आहे, गुजराती माणसाला वाटतं आपला आहे, आणि मग पुढचं कुणी विचारत नाही. बायकोला, सुधाला, त्यानं सगळ्यांत शेवटी सांगितलं. ती म्हणाली, "लग्नात एकदा बदललं, आता पुन्हा बदलायचं. आडनाव आहे की चप्पल?" पण सात्त्विक कुंजमध्ये चोवीस तास गोडं पाणी होतं. दोन दिवसांनी तिनं सही केली.

सोसायटीच्या करारातलं सातवं कलम असं होतं, की भाडेकरू मांस, मच्छी, अंडी घरात आणणार नाही, शिजवणार नाही, बाळगणार नाही. सेक्रेटरी जिग्नेशभाई माणूस भला होता, पण त्याचं नाक कलमाबरहुकूम चालायचं. कुणाच्या घरी हिंगाची फोडणी जास्त झाली तरी तो जिन्यात थबकायचा. त्यामुळे विष्णूनं घरापुरता मासा सोडला. बुधवारी आणि शुक्रवारी तलासरी नाक्यावरच्या खानावळीत भिंतीकडे तोंड करून तो जेवायचा, वरून बडीशेप, मग पेरू, मग पुन्हा बडीशेप, आणि मगच एसटीत चढायचा. सुधाचं माहेर झाईला. तिच्या आईची तब्येत महिन्यातून दोनदा बिघडू लागली. सोसायटीतल्या बायका कळवळून चौकशी करायच्या, आणि म्हातारी झाईला तिखट कालवण ढवळत ठणठणीत होती.

अशी बारा वर्षं गेली. अकरा महिन्यांचा करार दर वेळी नवा होत होता, आणि दर वेळी सातवं कलम वाचताना सुधाचं तोंड थोडं आणखी आवळलेलं दिसायचं. आता रानशेतच्या रस्त्याला दोन गुंठे जागा विकाऊ होती. मालक दिवाळीपर्यंत थांबायला तयार होता. सुधा दोनदा जाऊन ती जागा बघून आली होती आणि स्वयंपाकघर कुठे करायचं ते तिनं चपलेनं मातीत आखूनही ठेवलं होतं. फक्त पैसे नव्हते.

तेवढ्यात मालूआत्याचं मृत्युपत्र आलं.

मालूआत्या म्हणजे विष्णूच्या वडिलांची बहीण. विष्णूची आई तो चार वर्षांचा असताना गेली, वडील महिन्यातले वीस दिवस होडीवर, तेव्हा पोराला आत्यानंच वाढवलं. सुके बोंबील विकून तिनं त्याला डी.एड. केलं. स्वतः अंगठाबहाद्दर, पण त्याच्या अभ्यासाला रोज समोर बसायची. तिचा नवरा पोर्तुगिजांच्या काळातल्या दमणचा होता, लवकर वारला. त्याच्याकडून मुलीला, गुजराती शाळेत शिकलेल्या भाविनीला, पोर्तुगालचे कागद मिळाले. त्या कागदांवर भाविनी इंग्लंडात लेस्टरला गेली आणि पुढे आत्यालाही घेऊन गेली. तिथं फरसाणाच्या कारखान्यात आत्यानं पंधरा वर्षं काम केलं. गेल्या वर्षी ती वारली. विष्णूला फोनवर कळलं तेव्हा त्यानं गुपचूप डोक्यावरून अंघोळ केली आणि शाळेत गेला. सुतक पाळायचं म्हटलं तर कुणाचं, हे सोसायटीत सांगावं लागलं असतं.

मृत्युपत्राची बातमी चुलतभाऊ सुदामनं आणली. आत्यानं साठवलेल्या पैशांतला अर्धा वाटा भावाच्या मुलाला, विष्णू काशिनाथ तांडेलला. सुदाम म्हणाला, "दादा, तिकडचा वकील विचारतो, हा तांडेल सापडत का नाही? मी म्हटलं, सापडेल, थोडा शोधावा लागेल." सुदामला टोमणा मारायची सवयच होती.

रानशेतची जागा त्या पैशांत आरामात येत होती. सुधानं त्या रात्री बारा वर्षांत पहिल्यांदा स्वयंपाक करताना गाणं म्हटलं.

डहाणूच्या कोर्टाबाहेर बसणाऱ्या नीलम वकीलबाईंनी राजपत्राची प्रत, शाळा सोडल्याचा दाखला आणि दोन्ही नावांचा माणूस एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र लेस्टरच्या वकिलाकडे पाठवलं. तो वकील भाविक नावाचा, मूळचा नवसारीकडचा. त्याचं उत्तर आलं ते वाचून नीलमबाईंनी चष्मा पुसला.

"सर, हे म्हणतात, कागद ठीक आहेत. पण तुमच्याच पत्त्यावरून गेलेला एक कागद त्यांच्या फाइलीत आहे. त्यावर लिहिलंय, की तांडेल इथे राहत नाहीत. सोबत फोटो जोडलाय."

फोटो बघायची विष्णूला गरज नव्हती. तरी त्यानं बघितला. एक पोस्टकार्ड होतं. वरच्या बाजूला लहान मुलाच्या हातचं इंग्रजी, आणि खाली निळ्या शाईत, फळ्यावर लिहावं तसं टपोरं मराठी: विष्णू तांडेल या नावाची व्यक्ती येथे राहत नाही.

दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. तो शाळेतून येत होता. सोसायटीच्या फाटकापाशी पोस्टमन आणि जिग्नेशभाई उभे होते. जिग्नेशभाईच्या हातात हे कार्ड होतं आणि तो ते मोठ्यानं वाचत होता. "डियर विष्णू तांडेल. बा आस्क, आर यू वेल? आर यू इटिंग फिश?" पाकिटातलं पत्र असतं तर निभावलं असतं, पण आत्यानं सुदामकडून पत्ता मिळवून नातीकडून लिहून घेतलं ते उघडं कार्ड, आणि त्यात विचारलं ते नेमकं माशाचं. जिग्नेशभाई म्हणाला, "देसाईसर, आपल्या सोसायटीत फिश खाणारा तांडेल कोण?" पोस्टमन म्हणाला, नसेल कुणी तर तसं लिहून द्या, परत पाठवतो. जिग्नेशभाईकडे पेन नव्हतं. विष्णूच्या खिशाला होतं. मास्तर माणूस, लिहायला सांगितलं की हात आपोआप चालतो. कार्ड परत गेलं आणि जिग्नेशभाईनं त्याला घरी नेऊन खमण खायला घातलं. पुन्हा आत्याचं कार्ड आलं नाही आणि त्यानंही लिहिलं नाही. आज लिहू, उद्या लिहू करत आत्याच गेली.

हे त्यानं सुधालाही कधी सांगितलं नव्हतं. नीलमबाईंनाही त्यानं निम्मंच सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यात काय एवढं? पोस्टमननं लिहिलं म्हणायचं. विषय संपला. पण त्यांना व्हिडिओ कॉल पाहिजे, तुमच्या राहत्या घरातून. एक साक्षीदार तुम्हाला तांडेल म्हणून ओळखणारा, एक देसाई म्हणून ओळखणारा. दोघंही नात्यातले नकोत आणि दोघंही तुमच्या शेजारी बसलेले दिसले पाहिजेत."

देसाई म्हणून ओळखणारा म्हणजे जिग्नेशभाई. आणि नात्याबाहेरचं, त्याला जन्मापासून ओळखणारं, अजून हयात असलेलं माणूस एकच होतं: मासळीबाजारातली बायजी.

बाजारात तो हेल्मेट घालून गेला. बायजीनं सुरमईवरून नजरही न उचलता विचारलं, "काशीच्या पोऱ्या, टोपडं का घातलंस? ऊन लागतं?" आजूबाजूच्या बायका फिदीफिदी हसल्या. विष्णूनं हेल्मेट काढलं, आणि साक्षीचं काम आहे, रविवारी घरी यायचं आहे, असं सांगितलं. मग घसा खाकरून म्हणाला, "बायजी, जरा अंघोळ करून ये. आणि टोपली आणू नको."

बायजीनं कोयता बाजूला ठेवला. "मी रोज अंघोळ करते. तू विचारायचास तर विचार, मावरं ताजं आहे का. मी कशी आहे ते नको विचारू." तरी ती येते म्हणाली. मालूसाठी येते, असं तिनं तीनदा सांगितलं. जिग्नेशभाईला विष्णूनं ओळख पटवायचं एक काम आहे, एवढंच सांगितलं.

रविवारी दुपारी अडीचला ती आली. रेशमी लुगडं, अंबाड्यात अबोली, आणि अंगावर अत्तर इतकं, की जिग्नेशभाईला आल्याआल्या चार शिंका आल्या. विष्णूला हायसं वाटलं. मग बायजीनं कमरेला खोचलेली पुडी काढून टीपॉयवर ठेवली. "रिकाम्या हातानं कुणाच्या घरी जात नाही मी. सुधा, सुकट आहे. नीट निवडलीय."

त्या पुडीला बारा वर्षांचा वास होता. सुधानं झडप घालून ती उचलली आणि आत गेली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही. जिग्नेशभाईचं नाक एकदा वर गेलं, पण अत्तरापुढे त्याचं काही चालेना. तो पुन्हा शिंकला आणि म्हणाला, "सर, ह्या बेन कोण?"

विष्णू काही बोलायच्या आत फोनवर लेस्टर उगवलं. एका चौकटीत टाय लावलेला भाविक वकील, दुसऱ्या चौकटीत विशीतली मुलगी. ती हेमाली, भाविनीची लेक. ती "विष्णूमामा" म्हणून गोड हसली. तिनं त्याला पूर्वी कधी बघितलंही नव्हतं.

भाविकनं गुजराती-मराठीची सरमिसळ करत बायजीला विचारलं, समोरच्या माणसाला ओळखता का, कधीपासून?

"ओळखते म्हणजे? ह्याच्या आईला कळा आल्या, तेव्हा भर बाजारातून टोपली टाकून मी धावले. माझं त्या दिवसाचं मावरं कुत्र्यांनी खाल्लं. ते नुकसान मी अजून विसरले नाही, तर ह्याला कशी विसरेन? काशिनाथ तांडेलचा विष्णू तांडेल. लिहून घे."

"तांडेल?" जिग्नेशभाई म्हणाला. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"मुरब्बी, तुम्ही यांना कोणत्या नावानं ओळखता?" भाविकनं त्याला विचारलं.

"देसाई. बारा वर्षांपासून. गणपतीत आरती हेच म्हणतात." जिग्नेशभाईनं विष्णूकडे असं बघितलं, जणू घरातल्या ओळखीच्या कपाटाला अचानक मागच्या बाजूनं दार सापडलं. विष्णूनं मान खाली घातली. पण बारा वर्षं ज्या क्षणाला तो भ्यायला होता तो येऊन गेलासुद्धा, आणि छत जागच्या जागी होतं.

"आता शेवटचा प्रश्न," भाविक म्हणाला. त्यानं कार्ड कॅमेऱ्यासमोर धरलं. "आम्ही भाषांतर करून घेतलं. यात लिहिलंय, या नावाचं कुणी इथे राहत नाही. हे कुणी लिहिलं?"

पोस्टमननं. एक शब्द, आणि रानशेतची जागा सुधाची. विष्णूनं तोंड उघडलं.

"भाविकभाई, तुमच्या भाषांतरवाल्यानं चूक केली," हेमाली मध्येच म्हणाली. "ते तर मामाचं उत्तर आहे. मीच नाही का ते कार्ड तुम्हाला दिलं, ओळख पटावी म्हणून? प्रश्न मी लिहिला होता, दहा वर्षांची होते मी. आणि खाली मामानं उत्तर लिहून पाठवलं. बा म्हणाली, हे माझ्या विष्णूचं अक्षर, मी लाखात ओळखीन. वाचता येत नव्हतं तिला, पण त्याची पाटी रोज बघितलीय म्हणायची."

विष्णूचं तोंड उघडंच राहिलं.

"आमच्या घरात मराठी कुणाला वाचता येत नाही," हेमाली सांगत होती. "मग बाच वाचायची. देवाजवळ फ्रेम करून ठेवलेलं. कुणी पाहुणा आला की काढायची, शब्दावर बोट फिरवायची आणि वाचायची, विष्णू लिहितो, आत्ये, मी खुशाल आहे, मासे खातो. पुढचं दर वेळी वेगळं असायचं. सुदाममामाचा फोन येऊन गेला, की त्यात दर्शन दहावी पास व्हायचा. एकदा सुधामामीचा पाय मुरगळला होता, तेही तिनं त्यातनंच वाचलं. मी म्हणायचे, बा, एवढीशी ओळ, एवढं कसं मावतं? ती म्हणायची, मास्तर आहे तो, थोडक्यात लिहितो."

सुधा आतून येऊन दारात उभी राहिली होती.

"मामा," हेमालीनं विचारलं, "चूकच आहे ना भाषांतर?"

विष्णूनं आयुष्यभर मुलांना शुद्धलेखन शिकवलं होतं. ती ओळ त्याला डोळे मिटूनही दिसत होती, अनुस्वारासकट. चूक आहे म्हटलं असतं तर त्या मुलीचं समाधान झालं असतं, वकिलाचंही झालं असतं.

"नाही बाळा," तो म्हणाला. "भाषांतर बरोबर आहे. तसंच लिहिलंय, आणि ते मी लिहिलंय. मला लाज वाटत होती. तांडेल आहे हे कळलं तर खोली जाईल, म्हणून लिहिलं. आत्या विचारत होती बरा आहेस का, आणि मी तिला तो इथं नाहीच असं कळवलं." आणि मग त्याला रडू आलं. बायजीसमोर, सेक्रेटरीसमोर, दोन देशांसमोर तो लहान पोरासारखा रडला.

"मी तिथं होतो," जिग्नेशभाई हळूच म्हणाला. "पेन यांचंच होतं."

भाविकनं कार्ड खाली ठेवलं. मग म्हणाला, "साहेब, मला माझ्या कामापुरतं बघावं लागतं. लिहिणारा तुम्हीच असाल, तर उलट ओळख पक्की होते. फक्त अक्षर जुळवायला हवं. कोऱ्या कागदावर दोन ओळी लिहा, आम्हाला दिसेल असं. काहीही लिहा. तीच ओळ लिहिली तरी चालेल."

सुधानं वहीचा कागद आणून दिला. विष्णूनं तीच ओळ सुरू केली. 'विष्णू तांडेल या नावाची' इथवर हात आला आणि थांबला. त्यानं तो कागद चुरगळला आणि दुसरा घेतला. यावेळी तो न थांबता लिहीत गेला, आणि कागद फोनसमोर धरला.

"मला वाचता येत नाही," भाविक म्हणाला. हेमालीलाही येत नव्हतं. बायजीला तर नव्हतंच. सुधानं पदर डोळ्यांना लावला होता.

मग जिग्नेशभाईनं चष्मा लावला. कागद हातात घेतला आणि मोठ्यानं वाचला. "आत्ये, मी खुशाल आहे. मासे खातो. सुधा आणि दर्शन मजेत आहेत. उत्तराला उशीर झाला. तुझा, विष्णू तांडेल."

वाचून झाल्यावर तो कागदाकडे बघत राहिला. "सर, मासे खातो असं लिहिलंय."

"हो."

"महिनाअखेरीला खोली सोडावी लागेल. नियम आहे."

"सोडतो," विष्णू म्हणाला.

भाविकनं कार्ड आणि कागद शेजारी शेजारी धरून बघितले, आणि अक्षर एकाच हातचं आहे, बाकी कागदपत्रं आठवड्यात होतील, असं सांगितलं. तो गेला. हेमालीची चौकट मात्र राहिली. तिनं नाक पुसलं.

"मामा, तो कागद पाठवून द्या. फ्रेममध्ये लावते."

"पाठवतो. पण बाळा, ते जुनं कार्ड पुन्हा तिथं लावू नको."

"नाही लावत," ती म्हणाली. "फार काही बदलायचं नाहीये तसं. ते उशिराचं सोडलं, तर बा हेच वाचायची."